तांडेलाची खूण आणि पोराचं मशीन: बोट पाण्यात जायच्या आधी दोघांना एकत्र बसवा



१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवसांची बंदी आता संपत आली. कुणाच्या बोटीला रंग चाललाय, कुणाचं इंजिन अजून खोललेलंच आहे, जेटीवर जाळी दुरुस्त करायला माणसं सकाळपासून बसलेली असतात. सोसायटीत येणारा प्रत्येक मालक डिझेल, बर्फ आणि खलाशी या तीनच गोष्टी बोलतो. डिझेल आणि बर्फाचं सोसायटी बघेल. आज खलाशांबद्दल लिहितो आहोत, आणि त्यातही एकाच गोष्टीबद्दल: बोटीवर साठीचा तांडेल आणि विशी-पंचविशीतली पोरं यांचं काम एकमेकांशी जुळतं का?

"हल्लीच्या पोरांना काही येत नाही, नुसता मोबाइल" आणि "काका काही ऐकूनच घेत नाहीत" ही दोन वाक्यं आम्ही ऑफिसात बसून इतक्यांदा ऐकली आहेत की कोण बोलणार ते चेहरा बघूनच कळतं. वरवर हे घरगुती भांडण वाटतं. पण यातून जाळी फाटतात, हंगामाच्या मध्येच खलाशी निघून जातात, आणि एखाद्या दिवशी माणूसही जाऊ शकतो.

एक उदाहरण सांगतो. नाव-गाव राहू दे, ज्यांचं आहे त्यांना कळेल. मागच्या हंगामात एक ट्रॉलर जाळं ओढत होता. व्हीलवर जुने तांडेल, वयाची चाळीस वर्षं समुद्रात गेलेली. त्यांना पक्कं ठाऊक की त्या पट्ट्यात दहा वाव पाण्याला खडक आहे. केबिनमध्ये फिश फाइंडरच्या पडद्यासमोर एक पोरगा बसवलेला. तांडेलांनी विचारलं, "पाणी किती?" पोरगा म्हणाला, "अठरा." तांडेल निश्चिंत. अठरा वाव म्हणजे खडक अजून लांब आहे, भरपूर पाणी आहे. पण पोरगा पडद्यावरचे मीटर वाचत होता. एक वाव म्हणजे सहा फूट, जवळजवळ १.८ मीटर. अठरा मीटर म्हणजे बरोबर दहा वाव. जाळं सरळ खडकात गेलं. दोर तुटला, अर्धं जाळं खालीच राहिलं, बोट चार दिवस जेटीला बांधून पडली.

यात चूक कुणाची? तांडेलांचं ज्ञान बरोबर होतं. पोराने आकडा बरोबर वाचला. मशीनही बरोबर चालत होतं. तिघेही बरोबर असून जाळं गेलं, कारण दोघे वेगवेगळ्या मापात बोलत होते आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

यावर उपाय फुकटचा आहे. बहुतेक फिश फाइंडरच्या सेटिंगमध्ये खोलीचं माप बदलता येतं: मीटर, फूट आणि फॅदम. फॅदम म्हणजे सहा फूट, म्हणजे आपला वावच. मशीन फॅदमवर लावा. पोरगा "दहा" म्हणाला की तांडेलाच्या डोक्यातही दहाच येईल. आणि फॅदम नको असेल तर निदान बोलताना आकड्याच्या मागे माप लावायची सवय करा, "अठरा मीटर". नुसता "अठरा" बोलायचाच नाही.

आता पोरांना एक गोष्ट सांगायची आहे. तांडेलकाका पडद्याकडे बघत नाहीत म्हणून त्यांना मशीन समजत नाही असं धरून चालू नका. आधी मशीनचे आकडे मोठे करून बघा. चाळिशीनंतर जवळचं वाचायला चष्मा लागतो, आम्हालाही लागला. काका चष्मा घरी ठेवून येतात, कारण खाऱ्या पाण्याने काचा खराब होतात, आणि खरं सांगायचं तर चारचौघांत लावायची लाज वाटते. तीच गोष्ट कानाची. तीस-चाळीस वर्षं इंजिनाच्या डोक्यावर बसलेल्या माणसाला कमी ऐकू येतं. तुम्ही मागून काहीतरी सांगता, काका वळत नाहीत, तुम्हाला वाटतं आपल्याला किंमत देत नाहीत. त्यांना ऐकूच आलेलं नसतं. समोर जाऊन, हात वर करून सांगा. जाळं सोडताना, विंच चालू असताना तर हाताच्या खुणाच हव्यात, कारण त्या गोंधळात तरुण कानालाही ऐकू येत नाही. आपल्या ट्रॉलरवर आज ओडिशा, झारखंड, कर्नाटकातली मुलं बरीच आहेत. तांडेल कोकणी-मराठीत ओरडतो, पोरगं हिंदीत समजून घेतं. तिथे हाताची खूण शंभर शब्दांपेक्षा बरी. थांब, ढील दे, ओढ, विंच बंद, माणूस पडला, एवढ्या पाच खुणा जेटीवरच ठरवून घ्या, आणि बोटीवरच्या प्रत्येकाकडून करून घ्या.

आता तांडेलांच्या खुणांकडे येतो. आमच्या मते या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

जुन्या तांडेलांच्या डोक्यात समुद्राचा नकाशा आहे. किल्ल्याच्या बुरुजावर मागच्या डोंगराची सोंड आली, आणि दुसऱ्या बाजूला दीपस्तंभ अमक्या टेकडीच्या रेषेत आला, की खाली खडक. दोन रेषा जिथे एकमेकींना कापतात ती जागा. कुठलंही मशीन नसताना आपल्या बापजाद्यांनी याच पद्धतीने खडक चुकवले आणि मासळीच्या जागा धरल्या. पण या खुणा आता पुसत चालल्यात. माड तोडले गेले, समोर इमारती उभ्या राहिल्या, देऊळ मागे लपलं. धुक्यात आणि रात्री तर खूण दिसतच नाही. शिवाय ज्यांच्या डोक्यात हा नकाशा आहे ते तांडेल आज साठी-सत्तरीत आहेत. ते घरी बसले की नकाशाही घरी बसणार.

पोरांच्या हातातला जीपीएस नेमकं हेच काम करतो. पाच-दहा मीटरच्या फरकाने जागा दाखवतो, रात्रीही दाखवतो. पण जागा कुठली मारून ठेवायची हे त्याला सांगावं लागतं. ते फक्त काकांना माहीत आहे. एका फेरीत तांडेलाने खुणेवर बोट नेऊन "इथे" म्हणायचं आणि पोराने बटण दाबायचं, एवढंच काम आहे. तरी होत नाही. का होत नाही?

कारण विश्वास नाही, आणि तांडेलांचा संशय अगदीच खोटा नाही. तांडेलाच्या खुणा म्हणजे त्याची कमाई. चाळीस वर्षांत मिळवलेली जागा पोराने मोबाइलमध्ये उतरवून घेतली आणि पुढच्या महिन्यात तो दुसऱ्या बोटीवर गेला, तर ती जागा दहा बोटींची झाली. असं घडलेलं आहे. त्यामुळे काका गप्प बसतात. पोरांना वाटतं, म्हातारा मुद्दाम शिकवत नाही.

यातून आम्हाला एक वाट दिसते. मासळीची जागा आणि धोक्याची जागा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. मासळीच्या जागा बोटीच्या मशीनमध्येच राहतील, नुसत्या नंबराने, आणि कुणाच्याही स्वतःच्या मोबाइलमध्ये जाणार नाहीत, हे मालक, तांडेल आणि खलाशी यांनी हंगामाच्या सुरुवातीलाच एकमेकांसमोर बोलून घ्यावं. पण खडक, बुडालेली बोट, अडकून राहिलेलं जुनं जाळं, या जागा लपवून कुणाचाच फायदा नाही. आज तुमचं जाळं गेलं, उद्या दुसऱ्याचं जाईल. या धोक्याच्या जागांची एक वही सोसायटीत ठेवतो आहोत. ती सर्वांसाठी खुली राहील.

वहीत आकडे लिहिताना एक काळजी घ्या. यात पोरं चुकतात, काका नाही. काही मशीन अंश, मिनिटं आणि सेकंद दाखवतात. काही मशीन अंश आणि मिनिटं, पुढे दशांश. समजा एका मशीनवर दिसतंय १५ अंश ३०.५० मिनिटं. म्हणजे साडेतीस मिनिटं, म्हणजे ३० मिनिटं ३० सेकंद. ते कुणी "१५-३०-५०" असं लिहून दिलं आणि दुसऱ्याने ५० सेकंद समजून मशीनमध्ये घातलं, तर २० सेकंदांचा फरक पडला. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. २० सेकंद म्हणजे त्याचा तिसरा हिस्सा, सहाशे मीटरच्या वर. खडक चुकवायला निघालात आणि खडकावरच आलात असं होईल. म्हणून आकडा लिहिताना "मिनिट", "सेकंद" हे शब्द पूर्ण लिहा.

खडकाच्या बाबतीत पोरांनी काकांना पडद्यावर एक गोष्ट दाखवण्यासारखी आहे. कडक तळ असला की रेघ गडद उमटते आणि बऱ्याचदा तिच्या खाली तशीच दुसरी रेघ दिसते. चिखल असला की रेघ फिकट. काकांना दोरीला शिसं बांधून, त्याला लागून वर आलेली माती बघून तळ ओळखायचं माहीत आहे. त्यांना हे दोन मिनिटांत कळेल, आणि मग तेच तुम्हाला सांगतील की या फिकट तळावर सुंगटं कधी असतात.

पाण्याच्या ओढीचंही तसंच. इंजिन न्यूट्रलला टाकून बोट सोडून द्या आणि जीपीएसवर वेग आणि दिशा बघा. बोट जिकडे सरकते ती पाण्याची आणि वाऱ्याची मिळून ओढ. काका नाळेवर उभे राहून पाण्याकडे बघून हेच सांगतात. दोघांनी एकाच वेळी सांगून बघा, जुळतं का ते. एक लक्षात ठेवा, साधा जीपीएस बोट चालत असेल तरच दिशा नीट सांगतो. थांबलेल्या बोटीची नाळ कुठे आहे हे त्याला कळत नाही. म्हणून काकांचं होकायंत्र अडगळीत टाकू नका.

ही ओढ कशासाठी कळली पाहिजे, तर माणूस पाण्यात पडला तर. जवळजवळ प्रत्येक जीपीएसवर 'एमओबी' बटण असतं. माणूस पडल्याबरोबर ते दाबायचं. पोरांना हे माहीत असतं, तांडेलांना बऱ्याचदा नसतं. पण बटण दाबलं की मशीनमध्ये खूण राहते ती माणूस पडला त्या जागेची. खूण जागच्या जागी राहते, माणूस पाण्याबरोबर वाहत जातो. अर्ध्या तासाने खुणेवर परत आलात तर तिथे माणूस नसणार. तिथून पुढे कुठे बघायचं हे तांडेल सांगेल, कारण भरती आहे की ओहोटी, पाणी कुठे ओढतंय, हे त्याला ठाऊक. बटण पोराचं, दिशा तांडेलाची. दोघांपैकी एकावर काम भागत नाही.

भरती-ओहोटीवरून एक गंमत. पोरं मोबाइलवर भरतीची वेळ बघतात, काका तिथीला पाऊणपट करतात: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास भरती. आपल्या खाडीप्रमाणे थोडं पुढे-मागे होतं. दोघेही एकाच चंद्राचा हिशोब करतायत. फक्त मोबाइलवाला जास्त बारीक करतो, आणि काकांच्या हिशोबाला नेटवर्क लागत नाही.

मासळी कुठे मिळेल यावरही वाद होतो. हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि पाण्यातलं हिरवं शेवाळ बघून मासळीची संभाव्य जागा कळवते, कुठल्या बंदरापासून कुठल्या दिशेला, किती अंतरावर, किती खोलीवर. पोरं ते मोबाइलवर बघून "इथेच चला" म्हणतात. काका म्हणतात, "वर बसून काय मासे दिसतात काय?" अर्धं बरोबर आहे. उपग्रहाला मासा दिसत नाही, मासळी जमायला योग्य पाणी कुठे आहे ते दिसतं. ढग असले की तेही नीट दिसत नाही. पण रिकाम्या समुद्रात डिझेल जाळत फिरण्यापेक्षा कुठल्या बाजूला निघायचं एवढं त्यातून ठरवता येतं. तिथे पोहोचल्यावर पक्षी कुठे बसतायत, पाण्याचा रंग कुठे बदलतो, रात्री पाण्यात चमक कुठे उठते, हे बघायला काकांचे डोळे लागतातच. लांबचं त्यांना अजून उत्तम दिसतं.

सगळ्यात गंभीर गोष्ट हवामानाची. किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरच्या पुढे मोबाइलचा भरवसा नाही. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर आलेलं ओखी वादळ आठवा. आधीच खोल समुद्रात गेलेल्या केरळ-तमिळनाडूच्या बोटींपर्यंत इशारा वेळेत पोचला नाही. किती तरी घरं उद्ध्वस्त झाली. त्यातल्या शेकडो खलाशांनी भरकटत येऊन देवगड बंदरात आसरा घेतला, हे आपल्या शेजारी घडलेलं आहे. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते तर आपल्याच किनाऱ्याजवळून गेलं.

जेटीवर असेपर्यंत इशारा सगळ्यात आधी पोराच्या मोबाइलवर येतो. समुद्रात गेल्यावर सगळ्यात आधी कळतं ते तांडेलाला. वारा नाही, आकाश स्वच्छ, तरी लांबून दमाची मोठी लाट यायला लागते. लांबच्या वादळाची लाट वाऱ्याच्या आधी पोचते. काका म्हणतात, "पाणी बरं नाही." पोरांना कारण सांगता येत नाही म्हणून ती हसतात. हसू नका. आणि तांडेलांनीही, पोरगं "काका, मेसेज आलाय" म्हणालं तर "असे मेसेज रोज येतात" म्हणून उडवून लावू नका. बोटीवर एक नियम ठेवा: कुणीही, अगदी पहिल्या फेरीचा पोरगासुद्धा, "परत फिरू या" म्हणू शकतो, आणि त्यासाठी त्याला कुणी बोलणार नाही. शेवटचा निर्णय तांडेलाचाच. पण ऐकून घेतल्यावर. मालकांनी किनाऱ्यावरून फोन करून "अजून एक जाळं मारा" म्हणू नये. तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ केबिनमध्ये मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. व्हीएचएफ असेल तर संकटात चॅनेल १६. तो सेट कसा लावायचा हे बोटीवरच्या निदान तिघांना आलं पाहिजे, कारण जो एकटा जाणकार असेल तोच नेमका पाण्यात पडलेला असू शकतो.

शिव्यांबद्दल दोन शब्द बोलावे लागतील. बोटीवर आवाज चढतो, घाईचं काम असतं, आम्ही समजतो. पण घाई संपल्यावर, सगळ्यांसमोर, आईबापावरून बोललेलं पोरगं विसरत नाही. एका रात्रीत बॅग उचलून गेलेल्या खलाशाची जागा डिसेंबरात भरायला किती त्रास होतो हे मालकांना वेगळं सांगायला नको. ज्या बोटींवर पोरं तीन-तीन हंगाम टिकलीत तिथे पगार जास्त आहे असं नाही. तिथले तांडेल कामानंतर चहा घेताना "मघाशी दोर का सोडायला सांगितला" ते सांगतात. आणि पोरांनो, आज ज्यांना तुम्ही जुने म्हणता त्यांनीही कधी तरी नवं जाळं, नवं इंजिन बोटीवर आणलं, आणि त्या वेळच्या म्हाताऱ्यांची बोलणी खाल्ली. त्यांना नवीन शिकता येत नाही असं नाही. वीस वर्षांच्या पोराने सगळ्यांसमोर हातातून मशीन हिसकावून "द्या, तुम्हाला जमायचं नाही" म्हटलेलं त्यांना चालत नाही, एवढंच. तुमच्या बापालाही चालणार नाही.

मालकांना एक सुचवतो. मशीन नीट सांभाळणाऱ्या, जागा नोंदवून ठेवणाऱ्या पोराला वाट्यात थोडं वेगळं द्या. आणि तांडेल जर पोराला शिकवत असेल तर तेही काम समजा. व्हील सोडायची वेळ आली म्हणून त्याचा वाटा एकदम खाली आणू नका. शिकवलं की आपली गरज संपेल अशी भीती असेल तर कुठलाही माणूस शिकवणार नाही.

घरातल्या बायकांकडे हे आधीपासून जमलेलं आहे. मासळी विकायला सासू बसते, भाव ती करते, गिऱ्हाईक ती ओळखते; पैसे मोबाइलवर आले की नाही ते सून बघते. विम्याचे, नोंदणीचे ऑनलाइन फॉर्म भरतानाही तसंच होतं. मुलगी फॉर्म भरते, पण बोटीचे जुने कागद कुठल्या ट्रंकेत आहेत ते आजीलाच माहीत.

येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये बसायचं आहे. प्रत्येक बोटीवरून दोघे या, एक तांडेल आणि एक पोरगा, एकटं कुणी येऊ नका. जीपीएस काढता येत असेल तर घेऊन या, नाहीतर त्यातल्या जागांचे आकडे कागदावर उतरवून आणा. त्या दिवशी धोक्याच्या जागांची वही सुरू करू, आणि ज्यांना हवं त्यांचं मशीन फॅदमवर लावून देऊ. काकांनी चष्मा आणायला विसरू नका. चहा सोसायटीकडून.